लाकडी बैल, नग एकशे बारा

मी एक जुना टिकटिक्या आहे. टिकटिक्या म्हणजे काय, असे तुम्ही विचाराल. पाल नाही, घड्याळ नाही, सायकलची घंटाही नाही. मुठीत मावणारे मोजणीचे यंत्र. पेरूएवढा गोल, तोंडावर चार खिडक्या, त्यांत चार आकडे आणि कानाशी एक खटका. अंगठ्याने खटका दाबला की मी 'टिक्' म्हणतो आणि आकडा एकाने पुढे सरकतो. बाजूची चकती फिरवली की चारही खिडक्यांत शून्ये. माझे शिक्षण एवढेच. आकड्यांच्या बाबतीत खोटे बोलायची सोय माझ्या पोटात बसवलेलीच नाही. बाकीच्या बाबतीत, मित्रांनो, तुम्ही आपले जपून ऐका.

माझा जन्म फार लांबच्या, फार थंड देशात झाला. तिथला सूर्य इतका आळशी होता की आठवड्यातून तीनदाच उगवे, आणि उगवला की त्याची नोंद करायला कारखानदार मला खिडकीत ठेवी. पुढे त्या देशाने आपल्या देशाला रस्त्यांसाठी मदत द्यायचे ठरवले. पैसा आला, नकाशे आले, यंत्रे आली आणि यंत्रांच्या एका खोक्यात कोपऱ्याला मीही आलो. वाटेत जहाजावर करमेना म्हणून मी लाटा मोजल्या. नऊ हजार नऊशे नव्याण्णव झाल्या की माझे पुन्हा शून्य होते. अशी शून्ये मी चारशे वेळा केली. एका म्हाताऱ्या माशाने मला सांगितले, "अरे, ती एकच लाट आहे, सारखी परत येते." तेव्हा कुठे मी थांबलो.

मुंबईहून भोपाळ, भोपाळहून छिंदवाडा आणि तिथून बसच्या टपावर बसून सौंसर. तिथल्या रस्त्यांच्या कचेरीत प्रभाकर नावाचे उपयंत्री, म्हणजे कनिष्ठ इंजिनिअर, होते. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिले, चारदा टिकटिक केले आणि कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवून दिले. दोन वर्षे मी कागदांवर बसून काढली. परदेशातून इतक्या लांब येऊन कागद दाबत बसायचे, याचे मला फार वाईट वाटे. माझ्या खालच्या एका कागदावर पोह्यांचे तेल सांडले होते. त्या दोन वर्षांत माझ्या अंगाला लागलेले तेल तेवढेच.

मग ब्याऐंशी साली भोपाळच्या मदत-कचेरीतून एक जाड लिफाफा आला. पांढुर्णा आणि सौंसरच्या मधली जी गावे पावसाळ्यात तुटतात, त्यांना पूल द्यायचा होता. मात्र मोजणी झाल्यावर. रोज सरासरी शंभर वाहने जात असतील तिथेच पूल. मोजणी तीन दिवस, सूर्योदय ते सूर्यास्त. तारखा परदेशातच ठरवून आल्या होत्या.

त्यांतल्या चिंचखेडा गावाच्या रपट्यावर मला नेमले गेले. रपटा म्हणजे नाल्याच्या तळालगत घातलेली दगडी फरशी. पाणी कमी असले की लोक तिच्यावरून जातात, पाणी वाढले की ती नाहीशी होते. मोजायला माणूस दिला तो दादाराव. दादाराव सडकेवरचा गँगमन. खड्डे बुजवायचे, कडेचे गवत काढायचे आणि पूर आला की रपट्यावर लाल झेंडी रोवून लोकांना अडवायचे, हे त्याचे काम. सातवीपर्यंत शिकलेला, अक्षर मोत्यासारखे, आणि दिलेला कागद शब्दाला शब्द पाळायचा ही त्याची खोड.

त्याची धाकटी बहीण चंद्रकला पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नर्स होती. बौद्धपुऱ्यातली पहिली नोकरीवाली पोरगी. नोकरी अजून कच्ची होती. पांढुर्ण्यात खोली पाहायला ती चार ठिकाणी गेली. सगळीकडे आधी आडनाव विचारले आणि मग खोली कालच दिली असे निघाले. म्हणून रोज नाला ओलांडून जायचे आणि नाला ओलांडून यायचे. गेल्या पावसाळ्यात अकरा खाडे पडले होते. त्यांतला एक गोटमारीच्या दिवशी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव जाम नदीच्या दोन काठांवर उभे राहून एकमेकांवर दगड मारतात. त्या दिवशी दवाखान्यात फुटलेल्या डोक्यांची रांग लागते आणि एकही नर्स कमी पडून चालत नाही. चंद्रकलेला कागद मिळाला होता : या वर्षी एकही खाडा पडला तर नोकरी संपली.

म्हणून त्या घरात पूल हा शब्द जेवताना दोनदा तरी यायचा.

मोजणीची पहिली सकाळ. दादारावाने माझी कडी बोटात घातली, नाल्याकाठच्या दगडावर बसला आणि अंगठा तयार ठेवला. दुपारपर्यंत एकतीस टिक् झाले. नंतर गाड्याच येईनात. त्याने तारीख पाहिली, कागद पाहिला आणि कपाळावर हात मारला.

"आज खांदशेकणी हाय ना बाप्पा!"

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात. दुपारनंतर त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. दुसरा दिवस पोळा, म्हणजे बैलाला कामच नाही. तिसरा दिवस गोटमार, म्हणजे सारा मुलूख पायी पांढुर्ण्याला. परदेशातल्या साहेबांनी वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांतून नेमके हे तीन दिवस उचलले होते. चिंचखेड्याची चाके वर्षात ज्या तीन दिवशी थांबतात, तेच तीन.

पोळ्याच्या संध्याकाळी माझ्या खिडकीत चार होते. तीन सायकली आणि एक चुकलेला ट्रॅक्टर.

भैय्याजी आले. संत्र्याच्या दोन मोठ्या बागांचे मालक. नाला आडवा आला की त्यांची संत्री पांढुर्णा स्टेशनाऐवजी बागेतच सडत. त्यांनी माझ्याकडे वाकून पाहिले.

"किती झाले?"

"चार."

"चार? लेका, चारात तर पायखान्याचा रस्ताबी मंजूर होत नाई!" भैय्याजी खाली बसले आणि आवाज उतरवला. "दादाराव, अंगठाच तर दाबाचा हाय. दाब ना दोनशे वेळा. कोण पाहून राहिलं?"

"कागद पाहून राहिला ना, भैय्याजी. खाली माही सही हाय."

"सही माही घे."

"तुमची गिनती नाई चालत. तुम्ही मोजाले बसले नव्हते."

भैय्याजी पुटपुटत गेले. पण मित्रांनो, खरे सांगतो, त्यानंतर त्या अंगठ्याला चैन पडेना. सूर्य टेकला तसा तो खटक्यावर आला. टिक्. मग पुन्हा टिक्. पाच, सहा, दहा, वीस. नाल्यावरून वारा गेला तरी मला वाटे की गाडी गेली. चाळिसाला अंगठा थांबला. मग दादारावाने चकती फिरवून मला शून्यावर आणले आणि सावकाश चारदा दाबले. एक, दोन, तीन, चार. इतक्या काळजीने मला आजवर कुणी दाबलेले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी नाला उतरलेला होता. चंद्रकला पहाटेच पांढरे लुगडे गुडघ्यापर्यंत खोचून पलीकडे गेली. जाताना म्हणाली, "भाऊ, मले मोजलं का?"

"तुले चाकं हायेत का?"

"नाई."

"मंग जा. नाई मोजत."

मोठी माणसे गोटमार पाहायला गेली. नऊ सायकली सोडल्या तर दुपारपर्यंत काहीच नाही. मग तीनच्या सुमारास पलीकडून आवाज आला. ढोल, पिपाणी आणि चाकांचा कडकडाट.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. त्या दिवशी लाकडाचे बैल निघतात. रंगवलेले, गळ्यात माळ घातलेले, शिंगांना बेगड लावलेले आणि पायांना चार-चार चाके असलेले. दोरी धरून मुले ते ओढत नेतात आणि ज्याच्या दारी नेले तो बोजारा देतो, म्हणजे खाऊ आणि पैसे. त्या साली बोजारा भैय्याजींच्या बागेत होता आणि बाग नाल्याच्या अलीकडे. तीन गावांची मुले रपट्यावरून येत होती. काही बैल मांजराएवढे, एक तर खऱ्या गोऱ्ह्याएवढा. तो ओढायला सहा जण लागले होते. (एक बैल रपट्यावर थांबून पाणी प्यायला, हे मी स्वतः पाहिले. कुणी मानत नाही.)

दादारावाने खिशातून सूचनांचा कागद काढला आणि बोट ठेवून वाचला : 'चाकांवर चालणारी प्रत्येक गोष्ट मोजावी, मग ती ओढणारे इंजिन असो, जनावर असो की माणूस. मोजणाऱ्याने स्वतःच्या मताने काहीही वगळू नये.'

त्याने बैलांच्या पायांकडे पाहिले. मग कागदाकडे. मग पुन्हा पायांकडे.

टिक्.

संध्याकाळी त्याने मोत्यासारख्या अक्षरात लिहिले : 'सायकली, नग नऊ. लाकडी बैल, चाकांचे, ओढणारी मुले, नग एकशे बारा.' आणि सही केली.

सौंसरच्या कचेरीत प्रभाकरांनी तो कागद वाचला आणि चष्मा काढून पुसला.

"दादाराव, हे काय आहे?"

"गिनती, साहेब."

"खेळण्यांची? माझी नोकरी खायला निघालास काय? आणि इतके करून बेरीज किती? एकशे छप्पन्न! तीन दिवसांची सरासरी बावन्न. खोटेच लिहायचे होते तर पुरेल इतके तरी लिहायचे!"

"खोटं नाई लिवलं, साहेब. म्हणून तर पुरत नाई."

त्या कागदावर खाडाखोड चालत नव्हती आणि कार्बनच्या दोन प्रती आधीच शिक्का होऊन तयार होत्या. प्रभाकरांनी उसासा टाकून लिफाफा बंद केला. भोपाळला असे शेकडो कागद जातात, कोण वाचतो, अशी त्यांची समजूत.

पण एकाने वाचला. मदत-कचेरीत माझ्याच मायदेशाचा एक साहेब होता. उंच इतका की दारातून येताना दोनदा वाकायचा, एकदा डोक्यासाठी आणि एकदा सवयीने. तो म्हणे वर्षभर ट्रक, बस, बैलगाडी, ट्रक, बस, बैलगाडी वाचून कंटाळला होता. एकशे बारा लाकडी बैल पाहून तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, ही जागा मला पाहायची आहे.

हस्ताचा पाऊस सुरू असताना एका संध्याकाळी त्याची जीप नाला ओलांडून चिंचखेड्यात आली. सोबत प्रभाकर, साहेबाचे बोलणे इकडे आणि इकडचे तिकडे करायला. दादारावाला बोलावले. त्याच्या बोटात मी होतोच.

"साहेब विचारतात, खेळणी का मोजलीस?"

"कागदावर लिवलं होतं, आपल्या मतानं काई सोडाचं नाई. बैलाले चाकं होते. म्या सोडलं नाई."

प्रभाकरांनी घाबरत घाबरत सांगितले. साहेब इतका हसला की भैय्याजींच्या बागेतली चार हिरवी संत्री गळून पडली. मग त्याने पोळ्याची सगळी हकीकत ऐकली, मान डोलावली आणि गंभीर झाला. तारखांची चूक आमची, असे तो म्हणाला. पण नियम नियम होता. सरासरी शंभर नाही. यादी या महिन्यात बंद होते, पुढची मोजणी कधी ते त्यालाही ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याला पांढुर्ण्याहून गाडी धरायची होती. भैय्याजींच्या बागेतल्या खोलीत तो झोपायला गेला.

पहाटेपासून पाऊस कोसळला. उजाडले तेव्हा रपटा नव्हता. दोन पुरुष पाणी, गढूळ, त्यात एक अख्खे पळसाचे झाड फिरत चाललेले. दादारावाने लाल झेंडी रोवली. जीप आली आणि झेंडीपाशी थांबली. साहेबाने घड्याळ पाहिले, पाणी पाहिले, पुन्हा घड्याळ पाहिले.

तेवढ्यात चंद्रकला आली. पांढरे लुगडे, काळी छत्री, खांद्याला पिशवी. सकाळचे सात चाळीस. ती झेंडीपाशी उभी राहिली. आजचा खाडा म्हणजे काय, हे तिला आणि तिच्या भावाला ठाऊक होते. जरा वेळाने तिची नजर माझ्यावर गेली.

"भाऊ, ह्याच्यात आपण कुठी येतो?"

"जो गेला तो मोजाचा."

"अन् जो थांबला तो?"

दादारावाने कागद आठवून पाहिला. सगळे रकाने आठवून पाहिले.

"त्याचा खाना नाई."

"मंग नाल्यानं अडवलेला माणूस सरकारच्या हिशेबी घरीच झोपून राहिला म्हणाचा!" चंद्रकला म्हणाली आणि दगडावर जाऊन बसली.

साहेबाने प्रभाकरांना विचारले, बाई काय म्हणाल्या. प्रभाकर आधी "काही नाही" म्हणाले. मग त्यांनी चंद्रकलेकडे एकदा पाहिले आणि शब्दाला शब्द सांगितले. साहेबाने दादारावापुढे हात पसरला.

मी त्याच्या तळव्यात गेलो. हात थंड होता, माझ्या गावासारखा. चकती फिरली, शून्य झाले. त्याने दगडावर बसलेल्या चंद्रकलेकडे पाहिले आणि खटका दाबला. टिक्.

मग सगळा दिवस आम्ही तिथेच. दुधाचे कॅन लावलेल्या दोन सायकली आल्या आणि परतल्या. टिक्, टिक्. सौंसरच्या कचेरीत तारीख असलेला एक माणूस. दोन मास्तर. जुळ्यांना घेऊन माहेरी निघालेली बाई. साहेबाने तीन दाबले. कमल नावाची म्हातारी आजारी बकरी खांद्यावर घेऊन आली. बकरी मोजायची का, यावर थोडा वाद झाला. दुपारी पलीकडच्या काठावर पोस्टमन येऊन उभा राहिला. पलीकडचे मोजायचे का, साहेबाने खुणेने विचारले.

"तोबी थांबलाच ना, साहेब," दादाराव म्हणाला. टिक्.

भैय्याजींनी सगळ्यांसाठी झुणका-भाकर आणली. वाढता वाढता त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "अंगठा दाबाले शेवटी साहेबच लागला." दादाराव पहिल्यांदा हसला.

चारच्या सुमारास माझ्या खिडकीत शहाऐंशी होते. पांढुर्ण्याकडून, लांबून, आगगाडीची शिटी आली. साहेबाने कान दिला. ती त्याची गाडी होती. त्याने प्रभाकरांकडे पाहून एकदा दाबले, जीपच्या ड्रायव्हरकडे पाहून एकदा दाबले. मग क्षणभर थांबून स्वतःच्या छातीकडे पाहिले आणि शेवटचा खटका दाबला.

एकोणनव्वद.

मित्रांनो, मी सूर्य मोजले, लाटा मोजल्या. पण मोजणारा स्वतःला मोजताना मी तेवढा एकदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरले. निघण्याआधी साहेबाने वहीतले पान फाडून चंद्रकलेला दिले. प्रभाकरांनी खाली मराठीत लिहून दिले : 'या बाई काल सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांपासून अंधार पडेपर्यंत नाल्यावर थांबल्या होत्या. मी स्वतः मोजल्या आहेत.' दवाखान्याच्या डॉक्टरांनी ते दोनदा वाचले. "रजेला असा साक्षीदार मी पहिल्यांदाच पाहतो," ते म्हणाले आणि पान हजेरीच्या वहीला टाचले. तो खाडा लागला नाही.

यादी बंद होण्याआधी साहेबाने तिच्यात थांबलेल्यांचा एक रकाना वाढवला, असे प्रभाकर सांगत. तो परदेशात कुणाशी किती भांडला ते मला माहीत नाही, त्यामुळे मी सांगू शकतो की तो सतरा जणांशी भांडला. पुढच्या उन्हाळ्यात पुलाचे खोदकाम सुरू झाले आणि चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्याआधी पूल उभा राहिला. त्यावर संगमरवरी पाटी बसली. तिच्यावर देणाऱ्या देशाचे नाव, बांधणाऱ्याचे नाव, नारळ फोडणाऱ्याचे नाव. लाकडी बैलांचा उल्लेख नाही. पण पुलावरून पहिली मोठी मिरवणूक गेली ती त्यांचीच.

पहिला पूर आला त्या सकाळी चंद्रकला छत्री घेऊन पुलाच्या मधोमध थांबली. खाली नाला नुसता फुसफुसत होता. ती कठड्यावरून वाकून म्हणाली, "आता कर काय करतं ते," आणि कामावर गेली.

मला मात्र सगळे विसरले. मी पुन्हा सौंसरच्या कचेरीत कपाटामागे पडलो. चार पावसाळ्यांची ओल लागली, खटका गंजला, तिसऱ्या खिडकीतला सात अडकून बसला. निकामी वस्तूंच्या यादीत माझे नाव लागले तेव्हा प्रभाकरांची बदली होत होती. त्यांनी मला रुमालात बांधले आणि दादारावाकडे दिले. दादारावाने बहिणीकडे दिले. चंद्रकलेने एरंडेलाचे दोन थेंब माझ्या कानात सोडले, हेअरपिनने गंज काढला आणि मी पाच वर्षांनी म्हणालो, टिक्.

आता मी दवाखान्यात तिच्या टेबलावर असतो. तिची नोकरी पक्की झाली आहे. संध्याकाळी चिठ्ठ्यांची खिडकी बंद होते तेव्हा जी माणसे रांगेतच राहिली, त्यांना ती माझ्यावर मोजते. तितक्या चिठ्ठ्या लिहून ठेवते. सकाळी आधी ती माणसे आत जातात, मग बाकीची.

मित्रांनो, जुन्या वस्तूला कपाटामागे टाकू नका. तिला तेलाचा थेंब द्या, ती अजून काम करील. आणि वर्गात हजेरी झाली, आलेल्यांची बेरीज झाली, की वही मिटण्याआधी न आलेल्यांच्या नावांवरूनही एकदा बोट फिरवा. त्यांच्या वाटेत कुठला नाला आहे, ते विचारा.

माझ्या गोष्टीतले मासे, सूर्य आणि पाणी पिणारा लाकडी बैल तुम्हाला हवे तर वजा करा. पण आज संध्याकाळी खिडकी बंद झाली तेव्हा बाहेर सहा माणसे उभी होती. सहा. हे खरे आहे.